पहिल्या क्रमांकाचा फिल्टर

नावडे कॉलनीच्या नाक्यावर, रिक्षा स्टँडच्या वर, तो फ्लेक्स महिनाभर लागला होता. डावीकडे साहेब हात जोडून उभे आणि उजवीकडे मी. साहेबांचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या चौपट. माझा उजवा हात वर, मूठ वळलेली, तोंड उघडं. खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं, 'प्रथम पारितोषिकाच्या भाग्यवान विजेत्या'. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी साहेबांचा जयजयकार करतेय. खरं तर त्या क्षणी मी 'आमच्या नळाला गटाराचं पाणी येतंय' असं म्हणत होते. 'गटार' म्हटल्याबरोबर माइक बंद झाला. आवाज गेला, फोटो राहिला.

मला ते बक्षीस नको होतं. हे मी तेव्हा दिसेल त्याला सांगत होते. त्यावर प्रत्येक जण एकच विचारायचा, मग स्टेजवर गेलीस कशाला? उत्तर होतं, पण ते द्यायला तोंड नव्हतं. मी माइकसाठी गेले.

आधी पाण्याचं सांगते, म्हणजे बाकीचं कळेल.

आमच्या कॉलनीत पाणी सकाळी येतं, दीड तास. पहिली दहा मिनिटं ते चहासारखं असतं, ते सोडून द्यायचं. मग फिकट पिवळं होतं, ते भरायचं. वास शेवटपर्यंत जात नाही. कंपन्यांच्या वासाची आम्हाला सवय आहे, तो कुठल्या दिवशी कुठल्या बाजूने येतो हेही पोरासोरांना कळतं. हा वास वेगळा. जुनी पाइपलाइन आमच्या मागच्या नाल्यातून जाते आणि तिचा एक जॉइंट नाल्याच्या आतच गळतो. पाणी चालू असतं तेव्हा लाइन बाहेर थुंकते, बंद झालं की नाला आत ओढते. मी काही मोठा शोध लावला नाही. नाल्यात उतरलं की कुणालाही दिसतं. फक्त कुणी उतरत नाही.

माझे वडील मार्केटला माथाडी आहेत, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांना दोन वर्षांत दोनदा कावीळ झाली. दुसऱ्या वेळी दीड महिना पाठीवर गोणी घेता आली नाही. घरात बसून ते खिडकीतून हायवेवरचे ट्रक बघत राहायचे, कुठला भाजीचा, कुठला कांद्याचा, ते सांगायचे. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आहे, उकळून प्या. आई उकळायची. पण माणूस घरात आला की पहिला हात माठाकडे जातो, आणि माठातलं उकळलेलं आहे की नाही हे तहानेला विचारता येत नाही.

कॉलेजात असताना मी एका संघटनेत गेले आणि तिथे पत्रक लिहायला शिकले. वाक्य लहान ठेवायचं. 'पाणी दूषित झाले आहे' असं लिहायचं नाही, कुणी केलं ते लिहायचं. शेवटी मागणी, एकच, ठळक. आमच्या पाण्यावरचं पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. मथळा होता: 'आमच्या घरात फिल्टर नको, तुमच्या पाइपात पाणी हवं!' दारोदार वाटलं. पत्र्याच्या दुकानांच्या शटरवर डकवलं. मथळ्याबद्दल मला केवढा अभिमान होता ते आता सांगायलाही नको वाटतं.

पाण्याच्या ऑफिसातले साहेब, म्हणजे अधिकारी, नेते नव्हेत, शांतपणे म्हणाले होते, "एका-दोघांच्या तक्रारीवर लाइन बदलत नसतात. सगळ्या कॉलनीची मागणी आहे असं दाखवा, घराघरातल्या सह्या आणा, बायकांना घेऊन या. मग मला वर लिहिता येतं." एवढंच हवं होतं त्यांना. सह्या आणि बायका. मी निम्म्याच्या वर सह्या गोळा केल्या होत्या. बायका यायला तयार होत्या. राहिलेल्या सह्या एका जागी मिळतील अशी एकच जागा होती, नेत्यांचं हळदीकुंकू.

संक्रांतीनंतर आमच्याकडे हे होतंच. मैदानात मांडव पडतो, हळदीकुंकू, वाण म्हणून प्लास्टिकचा डबा, मग खेळ, उखाणे, आणि शेवटी लकी ड्रॉ. दारातच कुपन भरून घेतात. नाव, मोबाइल, बिल्डिंग, मतदार यादीतला भाग क्रमांक. मी कुपन भरलं नाही. मी पिशवीत सह्यांचे कागद घेऊन मागच्या रांगेत एकेकीला गाठत होते. कुणी डब्याचं झाकण लावता लावता सही करत होतं, कुणी 'थांब गं, आता पैठणी काढतायत' म्हणत होतं.

पहिला नंबर पुकारला आणि त्यापुढे माझं नाव पुकारलं.

मला वाटलं, दुसरी कोणी असेल. पण मागून आईनेच मला पाठीत ढकललं. "जा की! तुझंच नाव घातलंय मी."

"माझं कशाला घातलंस?"

"माझं कधी काय लागलंय का आजवर? तुझं घातलं म्हणून लागलं बघ."

मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. मान हलवून मागे बसायला हवं होतं. पण निवेदक माइक पुढे करून ओरडत होता, "ताई लाजतायत! टाळ्या, टाळ्या पाहिजेत! वरती या ताई, दोन शब्द बोलायचेत!" दोन शब्द. समोर सहाशे बायका, आणि ज्यांच्यासाठी मी महिनाभर जिने चढत होते त्या सगळ्या एका मांडवात बसलेल्या. माझ्यासारख्या मुलीला नुसता माइक दाखवला तरी पुरतं. आमच्या संघटनेत हेच शिकवतात, मिळेल त्या मंचावर बोला. मी गेले. साहेबांनी खोक्याला हात लावला, मी खोक्याला हात लावला, निवेदक म्हणाला, "काय भावना आहेत ताई?" आणि मी मूठ वर करून भावना सांगायला लागले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. माइक बंद, गाणं सुरू. खाली बायका टाळ्या वाजवत होत्या, कारण मी काय बोलत होते ते पहिल्या दोन रांगांपलीकडे कुणाला ऐकू गेलं नव्हतं. खोक्यात काय आहे हे मला घरी येऊन कळलं. आईने खोकं उघडलं आणि म्हणाली, "आगं बाई, फिल्टर हाय!"

मी हसले. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मेकॅनिक ड्रिल घेऊन आला. मी आंघोळीला गेले होते, बाहेर येईपर्यंत ओट्यावर भिंतीला चार भोकं पडून फिल्टर लागलाही होता. त्याच्या पोटावर साहेबांच्या फोटोचा स्टिकर, 'सप्रेम भेट'. मी तो नखाने खरवडायला गेले. चेहरा निघाला, जोडलेले हात निघेनात. ते अजून तसेच आहेत.

वडील मार्केटवरून आले. आईने पेला भरून दिला. त्यांनी तो नाकाशी नेला, थांबले, परत नाकाशी नेला. "ह्याला वासच नाही गं," म्हणाले, आणि उभ्याउभ्या पिऊन टाकलं. मग दुसरा पेला घेतला आणि खाली बसून सावकाश प्यायले. मी दारात उभी राहून बघत होते. पत्रकात मी लिहिलेलं एकही वाक्य मला त्या क्षणी त्यांच्यासमोर म्हणता आलं नसतं.

फ्लेक्स लागला त्या दिवशी संघटनेतल्या ताईचा फोन आला. ती आमच्यातली सगळ्यात जुनी, गोडगोड बोलत नाही. "उद्याच्या उद्या परत दे. परत देतानाचा फोटो ग्रुपवर टाक. उशीर केलास तर तू संपलीस, आणि तुझ्याबरोबर सह्याही संपल्या."

मला पटत होतं. मी साहेबांच्या जनसंपर्क ऑफिसात गेले. टेबलामागचा कार्यकर्ता चहा पीत होता.

"परत? का, खराब निघाला का?"

"नाही."

"गळतोय?"

"नाही हो. तत्त्व म्हणून परत द्यायचाय."

त्याने कप खाली ठेवला. "ताई, खराब असेल तर बदलून देतो. तत्त्वाचं आमच्याकडे काउंटर नाय." मग जरा विचार करून, अगदी मदत करायच्या सुरात म्हणाला, "तरी पण द्यायचाच असेल तर असं करू. साहेबांच्या हस्ते परत घेऊ आणि त्याच टायमाला एखाद्या गरजू ताईला देऊ. तुमी पण या फोटोला. म्हणजे कसं, तुमचं पण मोठेपण दिसेल."

म्हणजे ठेवला तर एक फ्लेक्स, परत दिला तर दोन.

घरी येऊन मी भिंतीवरून तो उतरवायचं बोलले. आई भांडी घासत होती, मान वर न करता म्हणाली, "तुझ्या पत्रकानं पाणी कधी येणार ते सांग. तारीख सांग. तोवर हे राहू दे."

"आई, हा लाचेचा प्रकार आहे."

"कुणाला दिली लाच? मला? मी कुणाची काय कामं अडवून ठेवलीत गं?"

वडील मध्ये पडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "तुला न्यायचा असेल तर ने बाई. मी काय बोलणार नाही." ते भांडले असते तर मी फिल्टर नेला असता.

फिल्टर राहिला. मी त्यातलं पाणी पीत नव्हते, उकळलेलं पीत होते. आई त्याला 'हिचं सोवळं' म्हणायची.

आठवड्याच्या आत समोरच्या फ्लॅटमधली दारात आली. तिचं बाळ सहा महिन्यांचं, वरचं दूध नुकतं सुरू केलेलं. हातात एक लिटरची बाटली. "ताई, फक्त बाळाच्या दुधापुरतं. रोज नाही मागणार." ती रोज आली, आणि यायलाच हवं होतं तिने. मग वरच्या मजल्यावरून एक म्हातारी आली, औषधं घ्यायला चांगलं पाणी पाहिजे म्हणून. मग ते आमच्या बिल्डिंगपुरतं राहिलं नाही, मागच्या बिल्डिंगमधूनही बायका यायला लागल्या. ज्यांच्या दारात मी सहीसाठी उभी राहिले होते त्या आता माझ्या दारात बाटल्या घेऊन उभ्या होत्या. सकाळी नळ सुरू झाला की आमच्या जिन्यात बाटल्यांची रांग. ओळखू यावी म्हणून कुणी रबर बांधलेली, कुणी नेलपॉलिशने ठिपका दिलेली. फिल्टर एक बाटली भरतो तोवर तीन बाटल्यांचं पाणी मागच्या नळीने बादलीत सोडतो. त्या बादल्या उचलायचं काम माझं. आई देखरेख करायची, "तुझी झाली, चल हो पुढं, तुझ्या दोन हायत, एकच भरणार." मला कॉलनीत 'फिल्टरवाली' म्हणायला लागले. रिक्षावालेसुद्धा. "फिल्टरवाल्या ताईंच्या बिल्डिंगला सोडू का?"

आणि सह्या थांबल्या.

रागाने नव्हे, हे आधी लक्षात घ्या. कुणी माझ्याशी भांडलं नाही. मी कागद पुढे केला की हसून म्हणायच्या, "करते गं, काय घाई आहे." एक म्हणाली, "लाइन बदलायची म्हणजे रस्ता खणणार, महिनाभर पाणी बंद. आता तुझ्याकडे मिळतंय तर राहू दे की जरा." समोरची, बाळाची आई, सगळ्यात आधी सही केलेली, मला हळूच विचारत होती, "माझी सही काढता येईल का हो ताई? हे म्हणतात, साहेबांना कळलं तर फिल्टर काढून नेतील." फिल्टर माझा, भीती तिला. आणि गावठाणातली एक मावशी, जिच्याबरोबर मी नाल्यात उतरून जॉइंट बघितला होता, मिठागरात राबलेली, कुणाच्या बापाला न भिणारी, तिने रस्त्यात मला थांबवलं.

"तुजा फोटू बगला गो नाक्याव. मोटी झालीस."

"मावशी, तो त्यांनी लावलाय. गुरुवारी पाण्याच्या ऑफिसला जायचंय, येताय ना?"

"तुजा काम झाला ना? आता आमाला कशाला उनान नेतेस?"

एवढी पत्रकं लिहिली, आणि तिच्यासमोर मी चप्पल बघत उभी राहिले.

ऑफिसला जायच्या दोन दिवस आधी फिल्टर हळू झाला. बाटली भरायला एवढा वेळ लागायला लागला की रांग जिन्यावरून खाली गेली. मी पुढचं भांडं फिरवून उघडलं. आत कॅन्डल असते, सुताची, गुंडाळी करून केल्यासारखी. खोक्यातून निघाली तेव्हा ती पांढरीशुभ्र होती, हे मी स्वतः बघितलं होतं. आता ती तपकिरी होती, वरून बुळबुळीत, आणि नाल्याचा तोच वास. अठरा दिवसांत.

मला आनंद झाला. खरंच सांगते, त्या घाणीकडे बघून मला आनंद झाला. पुरावा! नाल्यात कुणी उतरत नाही ना, मग नालाच टेबलावर नेऊन ठेवू. साहेबांच्याच फिल्टरने साहेबांच्याच कॉलनीचं पाणी पकडून दिलं होतं. गुरुवारी सकाळी नळ यायच्या आधी मी कॅन्डल काढून पारदर्शक डब्यात घातली.

आई म्हणाली, "आन लोकांना आज पाणी कोण देणार?"

"एक दिवस. फक्त एक दिवस, आई."

जिन्यात बाटल्या मांडलेल्या होत्याच. मी त्यांच्यामधून पाय टाकत खाली उतरले.

शंभर बायका येतील असं मी अर्जात लिहिलं होतं. एकोणीस आल्या. संघटनेतली ताई आली, एकोणीस मोजून तिने माझ्याकडे बघितलं. खांदेश्वरला ऑफिसात अधिकाऱ्यांनी आम्हाला आत घेतलं, मला खुर्ची दिली. मी उभीच राहिले. सह्यांचे कागद ठेवले आणि त्यांच्यावर डबा उघडून कॅन्डल आपटली. जरा जोरातच आपटली. टेबलाच्या काचेवर चिखलाचे शिंतोडे उडाले.

"हे आम्ही पितोय," मी म्हटलं.

ते चिडले नाहीत. चष्मा काढला, वाकून बघितलं. "हे तुमच्या घरच्या फिल्टरमधलं?"

"हो."

"बसवला तेव्हा पांढरी होती?"

"एकदम पांढरी. वीस दिवसांपूर्वी."

"म्हणजे फिल्टर चांगलं काम करतोय."

मागे कुणीतरी हसलं. आमच्यातलीच होती. तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलं, आणि मग अजून दोघींना आलं. अधिकारी सह्या उलटत होते. "सगळ्या कॉलनीच्या नाहीत ह्या. निम्म्या आहेत. आणि तुमच्याकडे सोय झालीय, तुमचा फोटो मी येता-जाता नाक्यावर बघतो. मी वर काय लिहू मॅडम, सांगा तुम्हीच?" त्यांनी अर्जावर 'पाहणी करून निर्णय घ्यावा' असा शेरा मारला आणि कागद बाजूच्या ढिगावर ठेवला. ढीग उंच होता. लाइन अजून तीच आहे.

परत येताना रिक्षात डबा उघडला तेव्हा दिसलं, कॅन्डलच्या टोकाची प्लास्टिकची टोपी फुटली होती. आपटली तेव्हाच फुटली असणार.

नावड्यातल्या हार्डवेअरवाल्याकडे गेले, मग कळंबोलीत फिल्टर दुरुस्त करणाऱ्याकडे. दोघांनीही ती हातात धरून फिरवली आणि परत दिली. हा साइज येत नाही. लोकल माल आहे, जोडून केलेला. ज्याने दिला त्याच्याकडेच मिळेल.

घरी जिन्यात बाटल्या सकाळी होत्या तशाच होत्या, रिकाम्या. काही बायका त्यांच्या बाजूला पायरीवर बसल्या होत्या. मी आल्यावर सगळ्या उठल्या. कुणी ऑफिसात काय झालं ते विचारलं नाही. समोरची दारात उभी होती, कडेवर बाळ, ते रडून रडून दमलेलं. तिने सकाळी नळाचंच उकळून दिलं होतं आणि बाळाने ओकून टाकलं होतं.

"फुटली," मी डबा दाखवून म्हटलं.

मग वरची म्हातारी म्हणाली, "फोन कर की मग साहेबांना. तुझं ऐकतात ते."

"माझं कोण ऐकतंय, आजी?"

"फोटोत तर चांगली बोलताना दिसतीस त्यांच्यासंगं."

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, ती तरी काही बोलेल, निदान टोमणा मारेल. तिने माझ्या हातातून डबा घेतला आणि कुपनाची उरलेली अर्धी पावती समोर धरली. त्यावर साहेबांच्या ऑफिसचा नंबर होता. आत माठाजवळ वडील जमिनीवर बसले होते, मार्केटवरून नुकतेच आलेले, पेला हातात, रिकामा.

जिन्यातच फोन लावला. उचलला तो ऑफिसातलाच कार्यकर्ता.

"बोला ताई! आमच्या नंबर वन!"

मी सांगितलं, कॅन्डल गेली आहे. कशी गेली ते सांगितलं नाही.

"एवढंच ना? उद्याच पाठवतो. आणि ताई, ऐकलंय तुमच्याकडे लाइन लागते पाण्याला. साहेबांना फार आवडलं ते. मेकॅनिकबरोबर आपला एक माणूस पण येईल, छोटासा व्हिडिओ करायला. तुमी बाटल्या भरून देताय, बायका घेतायत, एवढंच. चालेल ना? किती वाजता पाठवू?"

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बाळ हुंदके देत होतं.

मी म्हटलं, "सकाळी साडेसातला पाठवा. तेव्हा नळाला पाणी असतं."